दोन फवारे

कोहमाऱ्याहून आत वळलं की दहा-बारा किलोमीटरवर पुनाराम कापगत्यांचं गाव लागतं. गावातली पोरं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, एक जण दुबईत क्रेन चालवतो. पण समुद्रावर गेलेला एकच, पुनारामचा कुशल. बारावीनंतर खलाशाचं ट्रेनिंग करून तो जहाजावर चढला, त्याला आठ वर्षं झाली होती. पुनारामला त्याचा केवढा अभिमान! कोणी नुसतं विचारायचा अवकाश, "कुशल कोठी हाये जी आता?" की हा सुरू. "आमी कोहळी. आमच्या बुढ्यांनी तलाव खांदले, आमचा जलम पाळीवर गेला. अन् आमचा पोट्टा पाहा, समुद्र पालथा घालून राहिला."

यंदा कुशल जानेवारीच्या पहिल्या हप्त्यात घरी आला. दरवेळी तो निघाल्यापासून फोन करायचा, पुनाराम मोटरसायकल घेऊन कोहमाऱ्याच्या चौकात तासभर आधीच उभा राहायचा. या खेपेला फोन आलाच नाही. दुपारी कोणाच्या तरी गाडीवर मागं बसून तो अंगणात उतरला, आई-बापाच्या पाया पडला आणि आत जाऊन झोपला. दोन घास खाऊन उठायचं, विचारलं तेवढं सांगायचं, असं आठ-दहा दिवस चाललं.

"पोट्ट्याले कायतरी झालं हाये जी," कुंदाबाई म्हणाली.

"नऊ महिने पाण्यावर होता व. थकला असन," पुनाराम म्हणाला. पण त्याच्याही मनाला ते पटलं नव्हतं. मुंबईहून एका माणसाचा फोन यायचा, जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीचा. कुशल तो फोन घेऊन गोठ्यामागं जायचा. एकदा बैलांना पाणी दाखवताना पुनारामच्या कानावर पडलं, "हाँ सर... सोचके बताता हूँ सर." एवढंच.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी शाळेचे जागेश्वर मास्तर घरी निरोप घेऊन आले. झेंडावंदन झालं की कुशलनं लेकरांना जहाजाच्या गोष्टी सांगाव्या. कुशल नाही म्हणणार तोच पुनाराम बोलून गेला, "येते ना मास्तर, कायले नाइ येणार?"

शाळेच्या पटांगणात फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. बुंदी वाटून झाली, लेकरं ओळीनं बसली आणि पुनाराम धुतलेला सदरा घालून मास्तरांच्या शेजारी खुर्चीवर बसला. कुशलनं सुरुवात चांगली केली. जहाज केवढं असतं, त्यावर डबे कसे रचतात, सकाळचा सूर्य पाण्यातून कसा निघतो. मग एका पोरानं विचारलं, समुद्रात सगळ्यात मोठं काय असतं?

"देवमासा," कुशल म्हणाला. "म्हणतात मासा, पण तो मासा नाही. तुमच्या-माझ्यासारखी हवा घेतो. पिल्लाला दूध पाजतो."

आणि मग तो बोलतच सुटला. इतक्या दिवसांत पुनारामनं त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. देवमासे एका जातीचे नसतात म्हणाला. एक असतो पेटीसारख्या चौकोनी डोक्याचा, तो तास तासभर श्वास धरून खोल बुडी मारतो. त्याच्या पोटातला खडा अत्तरासाठी लाख मोलानं विकला जातो, चोरून. एक असतो कुबडाचा, तो गातो. आपल्या अरबी समुद्रात कुबडवाल्यांची एक वेगळीच जमात आहे, ती दुसरीकडे कुठं जात नाही. असतील-नसतील तर शंभर. ते मासेमारीच्या जाळ्यात गुरफटतात.

"जाळ्यात अडकला तं काय होते?"

"वर येता येत नाही. बुडून मरतो."

लेकरं हसली. देवमासा बुडून मरतो!

"हवा लागते ना त्याले," कुशल म्हणाला. तो हसला नाही. "अन् सगळ्यात मोठा तो निळा. आजवर धरतीवर त्याच्याहून मोठं जनावर झालं नाही. पहिले लाखांनी होते. माणसानं तेलासाठी मारून मारून संपवत आणले. मग बंदी आली. आता कोणी मुद्दाम मारत नाही."

"मंग आता वाढले असतील," मास्तर म्हणाले.

 कुशलनं कोपऱ्यातला फक्कीचा डबा उचलला, झेंड्याच्या खांबापासून चालायला लागला आणि हातपंपाच्या पुढं जाऊन थांबला. मागं पांढरी रेघ पडली होती. "हे तिचं तोंड, अन् हे शेपूट. पंचाहत्तर फूट."

लेकरांना त्या रेघेवर एकामागं एक झोपवलं. अठरा लेकरं लागली. शेपटाच्या टोकाला चौथीतली गुंजन होती. ती पडल्या पडल्या मान वर करून म्हणाली, "काका, तुमी पाह्यली का अशी?"

"हाव."

"जित्ती?"

"जित्ती बी. अन् मेलेली बी."

"कायनं मेली?"

"जहाजानं."

"कोणाच्या जहाजानं?"

कुशलनं डबा खाली ठेवला. "येतो सर," असं मास्तरांना पुटपुटला आणि सरळ फाटकातून बाहेर पडला. अठरा लेकरं तशीच मातीत पडून त्याच्याकडे बघत राहिली.

पुनारामनं त्याला तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बंधाऱ्यावर, गाठलं. आधी तो चिडलेलाच होता. "भरल्या शाळेतून असा उठून येते का कोणी? मास्तर काय म्हणतील?"

कुशल पाळीच्या दगडावर बसला होता. "बाबा, बसा," म्हणाला. आणि मग त्यानं सांगितलं.

डिसेंबरची गोष्ट. जहाज श्रीलंकेच्या खालून पूर्वेला चाललं होतं. तिथं जहाजांची वाट किनाऱ्याच्या अगदी जवळून जाते, रांगेनं, आपल्या हायवेवर ट्रक जातात तशी. आणि नेमक्या त्याच पाण्यात निळे देवमासे चरायला येतात. सकाळचे साडेदहा वाजले होते. कुशल वर, ब्रिज म्हणतात त्या उंच खोलीत, नजर ठेवायच्या ड्युटीवर होता. काम एकच, समोर बघायचं आणि दिसेल ते ऑफिसरला सांगायचं.

"मले फवारा दिसला. ते वर येऊन श्वास सोडतात ना, तवा पाण्याचा खांब उठते. सिधा, नाकासमोर, थोडा उजव्या अंगाला. मी ऑफिसरले सांगतलं, सर, व्हेल. त्यानं दुर्बीण लावली. त्याले बी दिसला. त्यानं कॅप्टनले फोन केला."

"मंग?"

"कॅप्टन म्हणे, पोचायची वेळ ठरलेली हाये. अपने आप हट जाएगी."

"अन् हटली नाइ."

"त्यांले हटता येत नाइ बाबा. लाखो वर्षं त्यांच्यापेक्षा मोठं समुद्रात कोणी नव्हतं, त्यांनी भ्याचं कोणाले? जहाज जवळ आलं की ते नुसतं हळूहळू खाली बसते. तेवढ्यात जहाज वर येते. अन् इंजिनांचा आवाज इतका, की कोणतं जहाज कोणीकून येऊन राहिलं तेच त्यांले उमजत नसन." तो थांबला. "दुसऱ्यांदा फवारा उठला तवा लय जवळ होता. अन् त्याच्या बाजूले अजून एक उठला. लहान. हा एवढासा."

पुनाराम त्याच्याकडे वळला.

"तो लहान फवारा मी ऑफिसरले सांगतलाच नाइ. एकदा सांगून झालं होतं. पुन्हा बोललो तं हा रागावन, असं वाटलं. अर्धा मिनट असन. मंग ते नाकाखाली गेलं. आम्हाले काही समजलं नाइ. धक्का नाइ, आवाज नाइ. एवढं मोठं जहाज, त्याले काय समजते?"

पाच दिवसांनी जहाज बंदराजवळ आलं, वेग कमी झाला आणि टगबोटीवरची माणसं ओरडायला लागली. जहाजाच्या नाकाला पाण्याखाली जो गोल फुगवटा असतो, त्यावर ती आडवी अडकली होती. पाच दिवस जहाज तिला ढकलत आणत होतं. किनाऱ्यावर क्रेननं उतरवलं, तेव्हा तिथल्या एक शास्त्रज्ञ बाई आल्या. त्यांनी तिला चिरून पाहिलं. कुशल वरून बघत होता. पोटाच्या खालच्या अंगाला कापलं तर दूध निघालं. घट्ट, पांढरं, फक्कीसारखं. सिमेंटवर पसरत गेलं.

"त्या बाईनं एकेका खलाशाले विचारलं, ही कुठं लागली, किती वाजता. सांगा, म्हणजे पिल्लू शोधता येते. कोणी बोललं नाइ. मी बी बोललो नाइ. जहाजाच्या नोंदवहीत ऑफिसरनं लिहिलं होतं, काही दिसलं नाही. बाई प्रत्येकाच्या हातात आपलं कार्ड देऊन गेली."

तळ्यात दूरवर बदकं उतरली होती. पुनारामनं विचारलं, "मुंबईचा तो माणूस कायले फोन करते?"

"चौकशी लागली हाये. त्यांनी कागद पाठवला. ड्युटीवर मी होतो, मले काही दिसलं नाइ, असं लिहिलं हाये. खाली सही कराची. सही केली की मार्चमधी नवीन जहाज."

"तं सही कर."

कुशलनं मान वर केली.

"असा काय पाहून राहिला माह्याकडे? मेली ते मेली. तुवा सही नाइ केली तं जित्ती होते का? तू का जहाज चालवून राहिला होता? चालवणारा दुसरा, हुकूम देणारा तिसरा. अन् शेवटी जनावरच तं होतं गा."

"मी चालवत नव्हतो बाबा," कुशल म्हणाला. "माहं काम नुसतं पाहाचं होतं. अन् मी पाह्यलं."

तो उठून पाळीवरून निघून गेला. बाप-लेकाचं त्यानंतर चार दिवस बोलणं नव्हतं.

त्याच रात्री जेवताना पुनारामनं कुंदाबाईला सगळं सांगितलं, थोडं रागानं, थोडं तक्रारीच्या सुरात. ती भाकर थापता थापता ऐकत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "अन् पिल्लाचं काय झालं?"

"मले काय मालूम व?"

"त्याले मालूम हाये का?"

"त्याले बी नाइ."

"म्हणून पोट्टा खाऊन नाइ राहिला," ती म्हणाली आणि भाकर तव्यावर टाकली.

रविवारी पुनाराम बांधीकडे, धानाच्या शेताकडे, निघाला. उन्हाळी धानाची रोपं, परे, तयार होत आली होती, आठवड्याभरात रोवणी लावायची होती. शाळेवरून जाताना त्याचे पाय आपोआप फाटकाशी थांबले. पटांगण रिकामं होतं. सव्वीस जानेवारीच्या बाकीच्या रेघा लेकरांच्या पायांनी पुसल्या होत्या, पण ती लांब रेघ फिकट का होईना, शिल्लक होती. कोणी नाही असं बघून पुनाराम आत शिरला. झेंड्याच्या खांबापासून तो रेघेवरून चालायला लागला, एकेक पाऊल मोजत. हातपंपाशी आला तरी रेघ संपेना. शेपटाच्या टोकाला पोचल्यावर तो वळून बघत उभा राहिला. खांब पार तिकडं दूर राहिला होता.

एवढी ती. आणि कागदावर लिहायचं की दिसलीच नाही.

पुनारामचा जन्म पाळीवर फिरण्यात गेला होता. पावसाळ्यात रोज सकाळी पाळ पायाखाली घालायची, कुठं घुशीचं बीळ दिसलं, कुठं ओल फुटलेली दिसली, की गावात येऊन सांगायचं. लोक कधी धावून यायचे, कधी म्हणायचे, 'तुले तं रोजच ओल दिसते.' ते आले नाहीत तरी त्यानं सांगितलं नाही असं कधी झालं नव्हतं. आणि आपण पोराला काय सांगून बसलो? त्याला त्या रेघेवर उभं राहवेना. बांधीकडे न जाता तो घरी परतला.

कुशल ओट्यावर बसला होता. त्याची धाकटी बहीण पुष्पांजली गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी. करायची आणि शनिवार-रविवार घरी यायची. ती शेजारी बसून शेंगा सोलत होती.

"लिहून टाक," पुनाराम आल्या आल्या म्हणाला.

"काय?"

"पाह्यलं ते. त्या बाईले बी लिही अन् चौकशीवाल्यांले बी."

कुशलला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मंग जहाज नाइ भेटन बाबा. हे बी नाइ, दुसरं बी नाइ. त्या लोकांत गोष्ट पसरते."

"हाव. समजलं मले." पुनाराम चपला काढत म्हणाला. "अन् त्या लहान फवाऱ्याचं बी लिही. लपवू नोको."

कुशलचं इंग्रजी जहाजापुरतं होतं. तो सांगत गेला आणि पुष्पांजली मोबाइलवर टाइप करत गेली. तारीख, वेळ, जहाज कुठं होतं त्याचे आकडे. ते त्याला तोंडपाठ होते. लहान फवाऱ्याशी आल्यावर तो अडला. 'मला दिसला, मी सांगितला नाही,' हे वाक्य त्यानं तीनदा बदलायला लावलं आणि शेवटी पहिलं होतं तेच ठेवलं. कुंदाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण पोराचा चेहरा कळत होता.

दोन दिवसांनी मुंबईच्या माणसाचा फोन आला. या खेपेला कुशल गोठ्यामागं गेला नाही. सगळ्यांसमोर उभा राहून ऐकत होता. पलीकडचा आवाज अंगणात ऐकू येत होता, "ये क्या कर दिया तुमने?" कुशल म्हणाला, "जो देखा वो लिखा सर." त्यानंतर त्या नंबरावरून फोन आला नाही. कुशलनं एकदा करून पाहिला, कोणी उचलला नाही.

चौकशीचं पुढं काय झालं, ते त्यांना कधीच कळलं नाही. बाईंचं उत्तर मात्र आलं, फेब्रुवारीच्या मध्यावर, रोवणीच्या शेवटच्या दिवशी. पुष्पांजली गोंदियाहून आली ती थेट बांधावर. "दादा, आलं," म्हणाली. बायका चिखलात वाकून परे रोवत होत्या. कुशल हातातली जुडी घेऊन बांधावर आला, मागोमाग पुनाराम आणि कुंदाबाई. चौघं बांधावर बसली आणि पुष्पांजली वाचून मराठीत सांगायला लागली.

बाईंनी आधी त्याचे आभार मानले होते. लिहिलं होतं, या तीस वर्षांत मी जहाजांनी मारलेले कितीतरी देवमासे पाहिले, पण ते कुठं मेले हे जहाजावरच्या माणसानं मला पहिल्यांदाच सांगितलं. बाकीचे बहुतेक तर अडकतही नाहीत, तळाला जातात, कोणाला पत्ता लागत नाही. तुमची जागा आम्ही नकाशावर लावली. जहाजांची वाट थोडी दक्षिणेला सरकवा म्हणून आम्ही मागत आहोत, काही कंपन्यांनी सरकवलीही आहे. त्या मागणीच्या कागदांत तुमचं लिहिलेलं जोडलं आहे.

"अन् पिल्लू?" कुंदाबाईनं विचारलं.

पुष्पांजलीनं मोबाइल खाली घेतला. "आहे त्याचं पण."

"वाच," कुशल म्हणाला.

तारीख आणि जागा मिळाल्यावर बाईंनी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर विचारणा केली होती. देवमासे दाखवायला पर्यटकांना नेणाऱ्या बोटी तिथं असतात. त्यातल्या दोन बोटवाल्यांनी त्याच दिवसांत एक पिल्लू एकटं पाहिलं होतं. पाच-सहा महिन्यांचं असावं. आई जवळपास कुठंच दिसत नव्हती म्हणून त्यांनी फोटो काढून ठेवले होते. पहिल्या दिवशी ते त्याच जागी गोल गोल फिरत होतं. दुसऱ्या दिवशी बोटींच्या जवळ यायला लागलं, बोटीच्या बुडाला अंग घासायचं. चौथ्या दिवशी बारीक झालेलं दिसलं. नंतर दिसलं नाही.

"बोटीले कायले घासत होतं?" पुनारामनं विचारलं.

पुष्पांजलीनं आईकडे पाहिलं. कुंदाबाईच बोलली. "दूध शोधत असन जी. बोटीले माय समजलं ते."

 पलीकडे रोवणाऱ्या बायकांचं गाणं चाललं होतं ते चालूच राहिलं.

थोड्या वेळानं कुशलनं विचारलं, "मी तवाच बंदरात सांगतलं असतं, तं? पाच दिवस झाले होते. चौथ्या दिवसापर्यंत तं ते होतं."

हा प्रश्न त्यानं कोणाला विचारला ते कळत नव्हतं. पुष्पांजलीनं पुन्हा मोबाइल उचलला. बाईंनी त्याचंही लिहिलं होतं, जणू तो विचारेल हे त्यांना ठाऊक होतं. 'तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं तरी आम्ही ते वाचवू शकलो नसतो. त्याला रोज पिंपभर दूध लागतं, आणि ते आईशिवाय कोणी देऊ शकत नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.'

कुशलनं ते ऐकलं. हातातली पऱ्याची जुडी त्यानं इतकी आवळली होती की मुळांतला चिखल बोटांमधून खाली गळत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. घरी आल्यापासून तो रडला नव्हता. आता रोवणाऱ्या बायकांसमोर, उघड्या बांधावर, अठ्ठावीस वर्षांचा गडी लहान लेकरासारखा हुंदके देऊन रडला. बायका वाकल्या वाकल्या थांबल्या. कुंदाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

पुनारामला काय करावं कळेना.  तो बराच वेळ पोराच्या पाठीवर हात ठेवून बसला.

"किती जुड्या राहिल्या जी?" बांधीतून एका बाईनं आवाज दिला. ऊन चढत होतं, परे सुकायला लागले होते.

"येतो," पुनाराम म्हणाला. तो धोतर खोचून चिखलात उतरला आणि वाकला. काही वेळानं कुशलही त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला, डोळे तसेच लाल. जुडी सोडून त्यानं एक एक परा चिखलात खोवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत दोघं एकमेकांच्या बाजूनं मागं मागं सरत गेले.